पहिलं एअर पिस्तूल, तेही बेताच्या बजेटमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेंजवर नव्याने येणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि चाळिशीनंतर काहीतरी नवं शिकायला निघालेली मंडळी सतत जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सगळी चर्चा १० मीटर एअर पिस्तूलची आहे. हौस म्हणून नेमबाजी सुरू करायची, तर आपल्याकडे परवान्याच्या फेऱ्या न मारता आणि आवाक्यातल्या खर्चात जमण्यासारखं पिस्तूल हेच आहे. काडतुसाच्या .२२ किंवा .३२ पिस्तुलाबद्दल विचारणाऱ्यांनी थेट प्रश्न १८ वाचावा.

१. एअर पिस्तूल खेळण्यातलं असतं की खरं?

खरं असतं. त्यात दारू नसते, दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. एवढ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो, म्हणून रेंजवर याला बंदुकीचेच सगळे नियम लागू असतात.

निशाण १० मीटरवर, जमिनीपासून सुमारे १.४० मीटर उंचीवर असतं. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम निम्म्या रुंदीचं. उभं राहून, एका हाताने, कशाचाही आधार न घेता मारायचं. १९८८च्या सोल ऑलिंपिकपासून हा पुरुष आणि महिला दोघांचा ऑलिंपिक प्रकार आहे.

२. परवाना लागतो का?

नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा (.१७७ इंच) मोठा नसेल आणि ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नसेल, तर २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा पाच-सहा ज्यूल असते, त्यामुळे ते मर्यादेच्या खूप आत आहे.

मात्र ५.५ मिलिमीटरची, म्हणजे .२२ एअरगन यात बसत नाही. ‘एअरगनच आहे, चालतं’ असं सांगून कुणी ती गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. खरेदी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच करा. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या. बिलावर पिस्तुलाचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि ते बिल जपा. पुढे विकताना, प्रवासात, पोलिसांनी विचारल्यावर तेच कामाला येतं.

३. क्लासला नाव घातलंय. पहिल्याच महिन्यात पिस्तूल घेऊ का?

नको. क्लबचं पिस्तूल वापरा, निदान तीन-चार महिने. पहिले काही आठवडे तुमचा हातच स्थिर नसतो. पायांची ठेवण रोज बदलते, मनगट सैल पडतं, श्वास कुठे रोखायचा ते कळलेलं नसतं. अशा वेळी दोन लाखांचं पिस्तूल आणि क्लबचं जुनं पिस्तूल यांच्या भोकांचे गट कागदावर सारखेच फाकतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कोणती मूठ हाताला बसते आणि किती वजन तासभर पेलतं, हे चार वेगवेगळी पिस्तुलं हाताळल्याशिवाय कळत नाही. ते कळायच्या आधी घेतलेलं पिस्तूल बहुतेक वेळा वर्षभरात विकायला निघतं. बजेट कमी असलेल्याने दोनदा खरेदी करण्याची चूक टाळायची असेल, तर थांबणं हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

४. सगळं मिळून खर्च किती धरायचा?

देशी स्प्रिंगचं पिस्तूल काही हजारांत मिळतं. स्टायर, वॉल्थर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी अशा नावांची नवी आयात पिस्तुलं दीड लाखाच्या पुढेच सुरू होतात आणि युरोच्या भावाबरोबर हलत राहतात. या दोहोंच्या मधली जागा जुन्या पिस्तुलांची आहे (प्रश्न ८).

पण पिस्तुलाची किंमत एकदाच द्यावी लागते. रेंजची फी दर महिन्याला, छर्रे दर आठवड्याला आणि कोचचं मानधन यांचा खर्च चालूच राहतो. स्पर्धेचे ६० शॉट आणि त्याआधीचे चाचणीचे धरले, तर एका सरावात सत्तर-ऐंशी छर्रे सहज जातात. ५०० छर्‍यांचा डबा सहा-सात सरावांत संपतो. आठवड्यातून तीनदा गेलात तर महिन्याला दोन डबे. म्हणून माझं सांगणं असं असतं की, आधी वर्षभराच्या रेंजचे आणि छर्‍यांचे पैसे बाजूला काढा. जे उरतील ते पिस्तुलाचं बजेट. उलट्या क्रमाने गेलेल्यांची भारी पिस्तुलं कपाटात पडून राहिलेली पाहताना वाईट वाटतं.

५. स्प्रिंग, सिंगल स्ट्रोक, सीओटू, पीसीपी... यांत फरक काय?

स्प्रिंग: नळी मोडून स्प्रिंग दाबायची. चाप ओढला की जड पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीत असतानाच पिस्तुलाला आधी मागे, मग पुढे हिसका बसतो. फाइनवेर्कबाऊ ६५सारख्या जुन्या जर्मन पिस्तुलांत हा हिसका गिळण्याची सोय होती. आज स्वस्तात मिळणाऱ्या स्प्रिंगच्या पिस्तुलांत ती नसते.

सिंगल स्ट्रोक: एक दांडा उघडून मिटायचा, तेवढ्याने एका शॉटची हवा भरली जाते. दर वेळी हवा तेवढीच, त्यामुळे वेगही एकसारखा. हिसका जवळपास नाही, सिलिंडर नाही, पंप नाही. रशियन बैकल ४६एम, फाइनवेर्कबाऊ १०३, पार्दिनी के५८ ही यातली गाजलेली नावं. दोष एकच: साठ शॉट म्हणजे साठ वेळा दांडा, आणि त्याने खांदा दुखतो. तरीही बेताच्या बजेटच्या प्रौढ नवशिक्यासाठी माझी पहिली पसंती हीच. बिघडण्यासारखं यात फारच थोडं असतं.

सीओटू: कार्बन डायऑक्साइडवर चालणारी. युरोपात एकेकाळी स्पर्धेतही चालली. आपल्याकडे अडचण उन्हाची आहे. तापमानाबरोबर या वायूचा दाब बदलतो आणि ३१ अंशांच्या वर तो द्रवरूपात राहतच नाही. नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या रेंजवर सकाळी जुळवलेला नेम दुपारी हलतो. घेऊ नका.

पीसीपी (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक): २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) हवा भरलेला छोटा सिलिंडर नळीखाली असतो. दांडा नुसता उचलायचा, छर्रा ठेवायचा, मारायचं. आज जागतिक स्पर्धांत सगळे हेच वापरतात. हवा भरण्याची सोय आणि सिलिंडरचं वय या दोन गोष्टी मात्र आधी पाहाव्या लागतात (प्रश्न ८ आणि ११).

६. दुकानात पिस्तूल हातात घेतल्यावर नेमकं काय तपासायचं?

आधी मूठ, मग ट्रिगर, मग तोल. नळीबद्दल सगळ्यात शेवटी विचारा. नावाजलेल्या स्पर्धा-पिस्तुलाची नळी तुमच्यापेक्षा कितीतरी अचूक असते.

मूठ तपासण्याची पद्धत सोपी आहे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा. सुरक्षित दिशेला तोंड करून ते खाली धरा, डोळे मिटा, हात नेहमीसारखा वर उचला आणि मग डोळे उघडा. नळीच्या टोकाची पुढची साइट (नेम धरायचा उंचवटा) मागच्या खाचेत आपोआप मधोमध आली, तर मूठ तुमची. ती दर वेळी डावी-उजवीकडे किंवा खाली-वर दिसत असेल, तर मनगट वाकवून ती जुळवावी लागणार आणि चाळिसाव्या शॉटला थकलेलं मनगट हे काम करत नाही. लाकडी मूठ स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येते. थोडी मोठी असेल तर घासता येते, लहान असेल तर लाकडाच्या पुटीने भरता येते. तळहाताखालचा आधार खालीवर सरकतो. तो करकचून आवळू नका, हात सुन्न होतो.

ट्रिगरला नियमाने किमान ५०० ग्रॅम वजन पेलता आलं पाहिजे. तो दोन टप्प्यांचा असावा. आधी मोकळा प्रवास, मग स्पष्ट अडणारी जागा, मग काच तुटावी तसा सुटणारा शॉट. त्या जागेनंतरही ट्रिगर खरखरत सरकत असेल तर ते पिस्तूल ठेवून द्या.

वजनाची कमाल मर्यादा १,५०० ग्रॅम आहे आणि संपूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. साधारण साडेनऊशे ग्रॅम ते एक किलोचं पिस्तूल बहुतेकांना झेपतं. हात लांब करून मिनिटभर धरून पाहा. दुकानदार घाई करत असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

७. चार-पाच हजारांचं देशी पिस्तूल घेऊन सुरुवात केली तर?

घरच्या करमणुकीसाठी ठीक आहे, नेमबाजी शिकण्यासाठी नाही. हिसका, जड ट्रिगर आणि जाड साइट यांमुळे शॉट कुठे गेला याचं कारण तुम्ही होता की पिस्तूल, हेच कळत नाही. नवशिक्याला नेमकं तेच कळणं गरजेचं असतं. शिवाय जड ट्रिगर ओढण्यासाठी लागलेली बोट खेचायची सवय पुढे मोडताना कोचचे आणि तुमचे महिने जातात. त्या पैशांत छर्‍यांचे डबे घ्या आणि क्लबच्या पिस्तुलावर मारा.

लोखंडी गोळ्या मारणाऱ्या, हुबेहूब पोलिसी पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या गनही लोक दाखवतात. त्यांच्या नळीला आतून आटे नसतात, गोळी कठीण पृष्ठभागावरून उलटी येते आणि रस्त्यात कुणी पाहिलं तर पळापळ होते. रेंजवर त्यांचा काही उपयोग नाही.

८. जुनं पिस्तूल घ्यायचं तर फसवणूक कशी टाळायची?

जुनं जरूर घ्या. वरच्या पातळीवर गेलेले नेमबाज पिस्तूल बदलतात, तेव्हा त्यांचं सांभाळलेलं पिस्तूल क्लबमध्येच विक्रीला येतं. कोचला सांगून ठेवा. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन जाहिरात पाहून घेऊ नका.

पीसीपी असेल तर सर्वात आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात. ती उलटलेला सिलिंडर वापरू नये, स्पर्धेतही तो अडवतात. नवा सिलिंडर महाग असतो, म्हणून तो भाव किमतीतून वजा करून मगच बोलणी करा. हवा पूर्ण भरून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी काटा उतरलेला दिसला तर सील गेलं आहे. सील बदलणं मोठं काम नाही, पण मालक ‘थोडं लीक सगळ्यांचंच असतं’ म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

मग १० मीटरवर टेबलाचा आधार घेऊन दहा छर्रे मारा. चांगल्या पिस्तुलाची सगळी भोकं मिळून एकच फाटकं भोक दिसलं पाहिजे. शेवटी बिल, अनुक्रमांक आणि विक्रेत्याच्या सहीचं पत्र घ्या. मूळ बिल नसेल तर व्यवहार सोडून द्या, किंमत कितीही कमी असली तरी.

९. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा का?

पहिल्या पिस्तुलाला नको. तो अतिशय स्वच्छ सुटतो, हे खरं. पण त्यात बॅटरी आणि सर्किट आलं, आणि ते दुरुस्त करणारी माणसं आपल्याकडे मोजकी. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि तिचा मोलाचा वेळ गेला. तिच्यासोबत अख्खा चमू होता. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत आपण एकटे असतो. मेकॅनिकल ट्रिगर पुरे.

१०. छर्रे कोणते घ्यायचे?

चपट्या तोंडाचे. ते कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतात, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. पिस्तुलासाठी साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅमचे. डब्यावर ४.४८, ४.४९, ४.५० असे आकडे असतात. तो डोक्याचा व्यास. सुरुवातीला त्यात अडकू नका. सरावाला साधे देशी किंवा आयात ‘ट्रेनिंग’ प्रतीचे छर्रे घ्या, महागडे स्पर्धेच्या आठवड्यासाठी ठेवा.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, रेंजवर जेवणाचा डबा उघडू नका आणि घरी निघण्याआधी साबणाने हात धुवा. मुलांच्या बाबतीत हे पालकांनी कटाक्षाने पाहावं.

११. पीसीपीत हवा कुठे भरायची?

मोठ्या रेंजवर कॉम्प्रेसर किंवा मोठी टाकी असते. खरेदीआधी तुमच्या रेंजवर ती आहे का आणि जोडणी तुमच्या सिलिंडरला बसते का, हे विचारा. हातपंपानेही भरता येते, पण घाम निघतो आणि ओलसर हवा आत जाते. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर असलाच पाहिजे. दुचाकीच्या पंक्चरवाल्याकडे हे काम होत नाही, २०० बार हा दाब टायरच्या दाबापेक्षा कितीतरी पट आहे. गॅसच्या दुकानात ऑक्सिजन भरून घ्यायची कल्पना कुणी सुचवली तर हात जोडा: दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो.

१२. मुलगी बारा वर्षांची आहे. तिला पिस्तूल पेलेल का?

पूर्ण आकाराचं बहुधा नाही. स्टायर आणि काही इतर उत्पादक छोट्या नळीची, हलकी पिस्तुलं बनवतात. ती जुनी मिळाली तर उत्तम. सिंगल स्ट्रोकचा दांडा या वयात जड जातो, त्यामुळे प्रश्न ५ मधली माझी पसंती मुलांना लागू नाही. वाढत्या हाताला मूठ दरवर्षी छोटी होते, हेही लक्षात घ्या. क्लबचं पिस्तूल वापरणं मुलांसाठी दुप्पट शहाणपणाचं. खरेदी केलीत तर बिल पालकांच्या नावावर, आणि घरी पिस्तूल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात.

१३. मी उजव्या हाताने लिहितो, पण डावा डोळा जास्त चालतो. मग?

पिस्तुलात हे अडत नाही. हात सरळ पुढे असतो, त्यामुळे डोकं किंचित वळवून डाव्या डोळ्याने नेम धरता येतो. बरेच जण उजव्याच डोळ्याने सराव करून डाव्यापुढे छोटा पडदा लावतात. डावखुऱ्यांना मात्र डावी मूठ लागते, आणि जुन्या बाजारात ती शोधायला वेळ लागतो.

१४. खास चष्मा, बूट, पडदे हे सगळं घ्यावं लागतं का?

पॅरिस २०२४ला तुर्कीच्या युसूफ दिकेचने साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून मिश्र सांघिक रौप्य मिळवलं, तेव्हा तो ५१ वर्षांचा होता. ते छायाचित्र दाखवून बरेच जण हा प्रश्न विचारतात. नाही, सुरुवातीला काहीही लागत नाही. सपाट तळव्याचे साधे बूट पुरतात, स्पर्धेत घोटा झाकणारे चालत नाहीत. नंबर असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की पुढची साइट, म्हणजे हाताच्या लांबीवरची गोष्ट, स्पष्ट दिसायला हवी. निशाण धूसर दिसलं तरी चालतं, किंबहुना ते तसंच दिसायला हवं.

१५. घरी गच्चीवर सराव केला तर?

बंद खोलीत किंवा लांब पॅसेजमध्ये, मागे तिरप्या पोलादी पत्र्याची छर्रेपेटी लावून, कुणीही मधे येणार नाही याची खात्री असेल तर. गच्चीवर नको. चुकलेला छर्रा शेजारच्या खिडकीत गेला तर तो गुन्हा ठरू शकतो. कबुतरं, खारी, माकडं यांच्यावर नेम धरणं तर सरळ क्रौर्य आहे, आणि वन्यप्राण्यांच्या बाबतीत १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हाही आहे. असा प्रश्न विचारणाऱ्याला मी पिस्तुलाबद्दल पुढे काहीच सांगत नाही.

खरं तर घरी छर्‍याशिवायचा सराव जास्त उपयोगी. बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांत हवा न सोडता ट्रिगर मारायची सोय असते. कोऱ्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं तेवढंच करा. स्प्रिंगचं पिस्तूल मात्र रिकामं मारू नका, पिस्टन आदळून खराब होतो.

१६. कोकणात, पावसाळ्यात गंज चढतो. काय करू?

रत्नागिरी, मालवण, गोव्याकडच्यांचा हा हमखास प्रश्न. पिस्तूल फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. सरावानंतर घामाचे हात लागलेला धातू किंचित तेलाच्या फडक्याने पुसा. नळीत आणि हवेच्या जोडणीत शिवणयंत्राचं तेल घालू नका. दाबाखाली ते पेटू शकतं आणि सीलही खातं. नळीसाठी फेल्टच्या गोळ्या मिळतात, त्या पुरतात.

१७. दसऱ्याला पूजा करावी म्हणतो. चालेल ना?

अवश्य करा. फक्त छर्रा नाही याची खात्री करून नळीत सेफ्टी फ्लॅगची (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी) दोरी घाला आणि तोंड भिंतीकडे ठेवा. हळदकुंकू लाकडी मुठीवर लावा. ट्रिगरच्या फटीत किंवा सिलिंडरच्या झडपेत कण गेले तर पुढचे महिने त्रास देतात. पाहुण्यांच्या मुलांच्या हाती देऊ नका.

१८. एअर नको, मला खरं .२२ किंवा .३२ पिस्तूल घ्यायचंय.

मग परवाना लागतो, आणि अर्जदार किमान २१ वर्षांचा असावा लागतो. अर्ज आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं आहे आणि सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. खेळासाठी अर्ज करताना रायफल क्लबचं सदस्यत्व आणि स्पर्धांची कामगिरी दाखवता आली तर बाजू भक्कम होते.

.३२चं देशी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर स्वसंरक्षणासाठी बनवलेलं असतं. आखूड नळी, जड ट्रिगर, महाग काडतुसं. निशाणबाजी शिकायला ते चुकीचं आहे. खेळातलं पिस्तूल म्हणजे २५ मीटरचं .२२, आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. तिकडे जायचं असलं तरी पाया एअर पिस्तूलवरच घाला, आणि .२२ आधी क्लबच्या शस्त्रावर मारून पाहा.

१९. निवडणुकीच्या काळात एअर पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं का?

जमा करण्याचे आदेश परवान्याच्या शस्त्रांसाठी असतात. प्रश्न २ मधल्या मर्यादेतलं एअर पिस्तूल त्यात येत नाही. तरीही त्या दिवसांत नाकाबंदी असते. पिस्तूल पेटीत, बिलाची प्रत आणि क्लबचं कार्ड सोबत, एवढं पाळा.

२०. जर्मनीतल्या भावाला येताना एक आणायला सांगू का?

नको. तिथे साडेसात ज्यूलपर्यंतचं पिस्तूल अठरा वर्षांवरील कुणालाही दुकानात मिळतं, म्हणून तो सहज हो म्हणेल. पण आपल्या कस्टम्समध्ये शस्त्रं सामान्य प्रवाशाच्या सवलतीत बसत नाहीत. आयातीची सोय आहे ती राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत नामांकित नेमबाजांना. विमानतळावर जप्त झालेलं पिस्तूल सोडवण्यापेक्षा इथलं जुनं घेणं परवडतं.

२१. हौस म्हणून करतोय, तरी स्पर्धेत उतरावं का?

उतरा, सहा महिन्यांनी का होईना. ७५ मिनिटांत ६० शॉट मारताना जे कळतं ते सरावात कळत नाही. सुरुवात जिल्हा पातळीवर, मग राज्य, मग पुढे अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर स्पर्धा. ती आपल्या पहिल्या लोकसभाध्यक्षांच्या नावाने आहे; १९५१मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. नोंदणीसाठी क्लबचं सदस्यत्व लागतं. स्वतःचं पिस्तूल असण्याची अट नाही, क्लबचं चालतं.

२२. स्पर्धेला बाहेरगावी पिस्तूल कसं न्यायचं?

एसटीने आणि रेल्वेने कुलूपबंद पेटीत, कागदपत्रांसह, आणि प्रवासात ते कुणाला उघडून दाखवायचं नाही. विमानात हातातल्या सामानात अजिबात चालत नाही. तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा, सिलिंडर सोडवून पूर्ण रिकामा करा आणि काउंटरवर स्वतःहून सांगा. स्पर्धेच्या आमंत्रणपत्राची छापील प्रत जवळ ठेवा, आणि त्या दिवशी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर लवकर पोहोचा.